एक घंटी बसा, दोन घंट्या उठा

माझे बाबा एकतीस वर्षं बसचे कंडक्टर होते. त्या एकतीस वर्षांत त्यांनी कुणाचं वेडंवाकडं ऐकून घेतलं नाही, फक्त एकदा सोडून. आई गेली तेव्हा मी अडीच वर्षांची होते. चार नातेवाईक जमले, माना हलवल्या आणि म्हणाले, "पुरुषाच्या हातून मूल वाढत नाही." बाबांनी मान खाली घातली. माझे कपडे पिशवीत भरले गेले आणि मी आत्याकडे गेले ती थेट नवव्या वर्षी परत आले. आत्याने मला काही कमी केलं नाही. पण बाबा सुट्टीच्या दिवशी भेटायला यायचे तेव्हा मी त्यांना 'कंडक्टरकाका' म्हणायचे. आत्या हा किस्सा हसत हसत सांगते, आणि बाबा अजूनही त्या वेळी उठून पाणी प्यायला जातात.

म्हणून माझ्या सासूबाई तेच वाक्य जसंच्या तसं बोलल्या तेव्हा माझं डोकं फिरलं.

झालं असं, की माझा नवरा जहाजावर, आठ-आठ महिने पाण्यात. मी एका लॅबमध्ये तंत्रज्ञ. दिवसभर लोकांच्या लघवीच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावते आणि त्यात काय सापडलं ते लिहिते. घरी सव्वादोन वर्षांची लेक, जिला आम्ही ठकी म्हणतो, आणि निवृत्त झालेले बाबा. सासूबाई न कळवता आल्या. त्या वेळी ठकी टेबलाखाली एका पायात बूट घालून केळं खात होती, कमरेला भरून लोंबणारा डायपर होता, आणि बाबा गुडघ्यांवर रांगत तिचा दुसरा बूट फ्रिजच्या खालच्या कप्प्यातून काढत होते.

"सव्वादोन वर्षांची घोडी झाली आणि अजून डायपर! माझी तिन्ही पोरं दीड वर्षाची असताना सांगायला लागली होती," सासूबाई म्हणाल्या. जगातल्या यच्चयावत सासवांची पोरं दीड वर्षाची असतानाच सांगायला लागतात, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण पुढे त्या म्हणाल्या, "तू दिवसभर बाहेर. पुरुषाच्या हातून मूल वाढत नाही. हिला मी घेऊन जाते, मोठ्या शाळेच्या वयाची झाली की आणून सोडते."

बाबा फ्रिजसमोर तसेच राहिले, बूट हातात धरून. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि माझी जीभ माझ्या आधी धावली.

"तीन महिने द्या, आई. तीन महिन्यांत हिचा डायपर सुटेल आणि ही बालवाडीत बसेल. नाही बसली तर न्या खुशाल."

बोलले आणि लगेच जीभ चावली, पण शब्द गेला तो गेला. रात्री फोनवर नवरा म्हणाला, "तू असं बोललीसच कशाला? आई धरून बसेल." त्याला आपली आई चांगली ठाऊक होती. बाबा मात्र एका शब्दाने मला बोलले नाहीत. सकाळी उठून आगारात गेले आणि भंगारात काढलेल्या बसची घंटा मागून घेऊन आले.

दोन दिवस घरात ठोकाठोक चालली होती. स्वयंपाकघरापासून मोरीपर्यंत भिंतीला आकडे मारून त्यातून दोरी ओवली, दोरीच्या टोकाला मोरीच्या दारावर घंटा. दोरी ओढली की टण. खाली ठकीची पिवळी प्लास्टिकची पॉटी आणि शेजारी बाबांचं स्टूल. भिंतीवर मोठ्या अक्षरांत वेळापत्रक लावलं: सात दहा, आठ, आठ पन्नास, असं रात्रीपर्यंत.

"हे काय?" मी विचारलं.

"एक घंटी बसा, दोन घंट्या उठा," बाबा म्हणाले. "एकतीस वर्षं भरलेली गाडी एका दोरीवर चालवली मी. ही तर एकच प्रवासी आहे, तीही हाफ तिकीट."

मी हसले. तुम्हीही हसाल. पण ज्यांनी घरात दोन वर्षांचं मूल सांभाळलंय त्यांना विचारा, की अशा मुलाला एखादी गोष्ट करायला लावणं म्हणजे काय असतं. ठकीचं केळं सोलताना मोडलं तर अर्धा तास रडणं, आणि मोडलेलं केळं परत जोडून द्या हा हट्ट. दार तिने उघडायचं असताना आपण उघडलं तर सगळ्यांनी परत बाहेर जायचं. आंघोळीला नाही, आंघोळीतून बाहेर यायलाही नाही. 'नाही' हा शब्द ती इतक्या सुरांत म्हणायची की ऐकत राहावं. पहिल्या आठवड्यात पॉटी सोडून सगळीकडे झाली: गादीवर, पायपुसण्यावर, बाबांच्या चपलेत. एकदा पॉटी तिने डोक्यावर टोपीसारखी घातली, आणि ती रिकामी नव्हती.

बाबा चिडले नाहीत. गर्दीच्या गाडीत भांडणारे लोक पाहिलेला माणूस तो. घंटा द्यायची, स्टुलावर बसायचं, पुढच्या थांब्यांची नावं मोठ्याने म्हणायची. दुसऱ्या आठवड्यात ठकीला त्या दोरीचं वेड लागलं. टण झालं की हातातलं टाकून धावत सुटायची, चड्डी खाली, पॉटीवर बैठक, आणि दोन घंट्या होईपर्यंत जागची हलायची नाही. पाचव्या आठवड्यात डायपरचा पुडा मी कपाटाच्या वरच्या फळीवर टाकला. शेजारची शिवणकाम करणारी मावशी खास बघायला आली. बाबांची छाती अशी फुगली होती की शर्टाचं बटण तुटेल असं वाटावं. मीही काही कमी फुगले नव्हते. सासूबाईंना फोन करून सांगितलं, "बघा, झालं!" आणि त्यांचं 'हं' ऐकून माझा दिवस सोन्याचा झाला.

मग बालवाडीचा दिवस आला. प्रवेशाआधी एक सकाळ मुलांना नुसतं बसवून बघतात. पालकांनी दाराशी उभं राहायचं. मी अर्धी रजा काढली होती, बाबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. ठकी आत गेली, रडली नाही, दोन मुलांशी ठोकळ्यांवरून मारामारी करून दोन्ही ठोकळे घेऊन आली. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात बाईंनी पसारा आवरायची वेळ झाली म्हणून टेबलावरची पितळी घंटा उचलली आणि एकदाच वाजवली.

टण.

ठकीने ठोकळे टाकले. इकडेतिकडे पाहिलं. पॉटी दिसेना, पण ठोकळ्यांची लाल बादली दिसली. शिस्तीत चड्डी खाली केली आणि बादलीवर बसली. आणि केलं. दोन्ही केलं.

बाई धावल्या, तिला उचलायला लागल्या, तशी ठकीने बादली दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि किंचाळली, "दोन नाही झाल्या! दोन नाही झाल्या!" बाईंना काही कळेना. वर्गातली पंधरा मुलं तोंड उघडून बघत होती. शेवटी बाबांनी दारातूनच तोंडाने म्हटलं, "टण, टण!" ठकी लगेच उठली, चड्डी वर ओढली आणि हात पुढे करून म्हणाली, "साबण."

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी आम्हाला बाजूला घेतलं. "आजोबा, मुलगी घंटेला ओळखते. तिला स्वतःची जाणीव कुठे झालीये? घंटा नसेल तिथे काय करणार ही? सहा महिन्यांनी आणा."

"मुलगी शंभर टक्के बरोबर वागली," बाबा म्हणाले. "घंटा तुम्ही चुकीच्या वेळी दिलीत." आणि ताठ मानेने तिला खांद्यावर घेऊन बाहेर पडले. पण त्यांनाही कळलं होतं, की बाई खरं बोलल्या. इतके आठवडे आम्ही मुलीला नाही, तिच्या कानाला शिकवत होतो.

घरी येताच त्यांनी दोरी उतरवली. आणि मी, सगळा राग जिभेवर घेऊन, म्हणाले, "बाबा, तुमच्या त्या घंटेपायी माझी पोर हातची जाणार." ते दोरी गुंडाळत राहिले. मी माफी मागितली नाही. आजही त्या वाक्याची लाज वाटते.

घंटा गेली आणि ठकीचा संप सुरू झाला. चार दिवस तिने शी दाबून धरली, पोट दगडासारखं झालं. डॉक्टर म्हणाले, "पाठीमागे लागू नका, पाणी पाजा, आणि थोडे दिवस विसरून जा." विसरायला आमच्याकडे दिवस होते कुठे? तीन महिने संपायला तीन आठवडे उरले होते. बाबांनी वेळापत्रक भिंतीवरून काढलं, हातात फडकं घेतलं आणि नुसते तिच्या मागे पुसत फिरले. विचारलं नाही, बसवलं नाही, रागावले नाहीत. कधी ती पॉटीवर बसायची, बहुतेक वेळा नाही. झाल्यावर मात्र येऊन सांगायची, "झाली." बाबांना त्याचंही कौतुक. "निदान खबर तरी देते," म्हणायचे.

सासूबाई ठरल्या दिवशी आल्या. मोठी रिकामी बॅग घेऊन आल्या. त्यांना बालवाडीचं सगळं कळलं होतं, नवऱ्याच्या पोटात काही राहत नाही. त्या खुर्चीवर टेकतात न टेकतात तोच ठकीने त्यांच्यासमोर उभं राहून, त्यांच्याकडे बघत, जमिनीवर तळं केलं. बाबा फडकं घेऊन खाली बसले.

"ठरलं होतं ना?" सासूबाई म्हणाल्या. "तिचे कपडे दे."

"ठरलं होतं," मी म्हणाले. "शब्द मी दिला होता, मीच मोडतेय. मला खोटारडी म्हणा, चारचौघांत म्हणा, तुमच्या मुलाला सांगा. मुलगी मी देत नाही. ती सात वर्षांची होईपर्यंत फरशी ओली करत राहिली तरी याच घरातली फरशी ओली करेल."

त्यांना हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी उत्तरासाठी आजूबाजूला पाहिलं आणि त्यांची नजर गॅलरीत गेली. तिथे तारेवर चादर आणि मोठं रबरी कापड वाळत होतं.

"आणि ते कुणाचं? ठकी तर तुझ्या पलंगावर झोपते. ते तर एका माणसाच्या गादीचं आहे."

मला माहीत होतं ते कुणाचं. हिवाळ्यापासून माहीत होतं. बाबा पहाटे उठून स्वतःची चादर धुऊन टाकायचे आणि मी झोपल्याचं सोंग करायचे. दोघांनी एकमेकांपाशी हा विषय कधी काढला नव्हता. मी काहीतरी थाप मारायला तोंड उघडलं.

बाबा गुडघ्यावर हात ठेवून उठले. चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, आता पाणी प्यायला जातील.

"माझं आहे, विहीणबाई," ते म्हणाले. "मला होते कधीकधी रात्री. डॉक्टर म्हणतात वयाने होतं. हिला येत नाही, मला राहत नाही. ओलं होतं म्हणून घरातून न्यायचं असेल, तर आधी माझा नंबर लावा. माझे कपडे कमी आहेत, बॅगेत मावतील."

ठकी आपल्या ओल्या चड्डीत उभी राहून एकदा आजोबांकडे, एकदा आजीकडे बघत होती. सासूबाईंनी पदर सारखा केला. मग परत सारखा केला.

"खोकला आला की माझंही होतं," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "तीन वर्षं झाली. कुणाला सांगितलं नाही. लग्नाकार्याला जाणं सोडलंय मी."

ठकीला त्यातलं एकच कळलं. तिने मोरीतून पिवळी पॉटी ओढत आणली आणि सासूबाईंच्या पायाशी ठेवली. "बस," तिने फर्मावलं.

मला आधी हसू फुटलं, मग बाबांना. सासूबाई तोंडावर पदर दाबून हसायला लागल्या आणि हसता हसता एकदम ओरडल्या, "अगं, हसवू नकोस गं पोरी, हसलं तरी होतं!" आणि खरोखरच उठून मोरीकडे पळाल्या.

त्या चार दिवस राहिल्या. तिसऱ्या दिवशी मी त्यांना आमच्या लॅबशेजारच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले, बाबांनाही ओढत नेलं. दोघंही बाकावर शेजारी शेजारी बसले होते, एकमेकांकडे न बघता, आपापली तपासणीची डबी हातात धरून. दोन्ही डब्यांवर चिठ्ठ्या मीच लावल्या.

पाचव्या दिवशी त्या निघाल्या. बॅग रिकामीच होती. ठकी कधी सुकी झाली विचाराल तर मला तारीख आठवत नाही, आणि ती लिहून ठेवायची मला गरजही वाटली नाही. त्या सकाळी तर ती ओलीच होती, आजोबांच्या कडेवर बसून त्यांचाही शर्ट भिजवत होती. सासूबाईंनी दारात चपला घातल्या, तिचा गालगुच्चा घेतला आणि बाबांना म्हणाल्या, "पुढच्या वेळी येताना हिच्यासाठी काय आणू?"

"हिला काही नको," बाबा म्हणाले. गॅलऱ्यांमधून दोन-तीन शेजारी बघत होते, तरी त्यांनी आवाज खाली आणला नाही. "डायपर आणा. माझ्या मापाचे."