एकेचाळीस नंबरचा बिल्ला

आमचे मामंजी मिठाच्या खाणीत तीस वर्षं बिल्ले सांभाळायचे. कामगार खाली उतरताना खुंटीवरचा आपल्या नंबरचा पितळी बिल्ला घेऊन जायचा आणि वर आला की परत टांगायचा. पाळी सुटल्यावर एखादी खुंटी रिकामी दिसली, की माणूस खाली राहिला, शोधा! एवढंच काम. पण तोरा असा, की जणू खाण त्यांच्याच खिशात. मात्र स्वतः एकदाही खाली उतरले नाहीत. "माझं काम वरचं," म्हणायचे आणि विषय संपवायचे.

आता खाण बंद आहे, लोक तिकीट काढून बघायला येतात. आम्ही गेलो ते पाहुणीच्या हट्टापायी. ही मामंजींच्या जिवलग मित्राची मुलगी, परदेशात असते. तो याच खाणीत होता. ही सहा वर्षांची असताना एके दिवशी तो घरी आलाच नाही. बिल्ला मात्र खुंटीवर होता. म्हणजे वर आला होता, म्हणजे पळून गेला. गावभर तोच बोभाटा.

"आईने मरेपर्यंत त्यांना शिव्या दिल्या," पाहुणी गाडीत म्हणाली. "आम्हाला का टाकलं, एवढंच मला कळायला हवं होतं."

मामंजी खिडकीबाहेर बघत बसले. मला असा संताप आला! दोन शब्द बोलायला काय जातंय? तोंडात मिठाची गुळणी धरलीय का?

खाणीच्या तिकीटखिडकीवर अजून जुनेच बिल्ले देतात. मामंजींनी मागून घेतला, "एकेचाळीस." आणि चक्क आमच्याबरोबर लिफ्टच्या पिंजऱ्यात शिरले. नवरा बघतच राहिला.

खाली भिंती पांढऱ्याफटक, कोरड्याठाक. ओठ चाटले तरी खारट. वाटाड्याने आम्हाला एका बोळात उभं केलं आणि हौसेने दिवे घालवले. "खरा अंधार बघा, मंडळी!" डोळे उघडे आहेत की मिटलेले, तेच कळेना. आणि मग भिंतीच्या आतून आवाज आला. टक. टक टक.

धाकटी मला बिलगली. "आई, दार कोण वाजवतंय?"

"पाणी ठिबकतंय," वाटाड्या म्हणाला, पण त्याचाच आवाज कापत होता. पाणी कुठलं मेलं, हाताला ओल म्हणून नव्हती!

अंधारात मामंजी बोलले, "ऐकतोय रे. आलोय मी."

दिवे लागले तेव्हा ते भिंतीला कान लावून उभे होते आणि ढसाढसा रडत होते.

वर आल्यावर आम्ही बिल्ले टांगले. मामंजींनी आपला पाहुणीच्या मुठीत कोंबला.

"हा तुझ्या बाबाचा. मागच्या शिडीने वर आलं की त्याला घर जवळ पडायचं. म्हणून बिल्ला माझ्याकडेच ठेवायचा. 'पाळी सुटली की टांग रे,' म्हणायचा. मी रोज टांगायचो, त्या दिवशीही टांगला. दोन दिवसांनी कळलं, मागची वाट ढासळलीय. खुंट्या सगळ्या भरलेल्या, मग कोण खणतंय? नोकरी जाईल म्हणून मी तोंड शिवून बसलो. तो पळाला नव्हता, पोरी."

पाहुणीने बिल्ल्यावरच्या आकड्यावरून बोट फिरवलं. "म्हणजे ते घरीच येत होते?"

"घरीच."

तेवढ्यात खिडकीतला माणूस ओरडला, "एकेचाळीस नाही आला! खाली कुणी राहिलंय का?"

पाहुणीने मूठ घट्ट मिटली.

"हो," ती म्हणाली. "माझे बाबा राहिलेत. शोधा त्यांना."