शहापूरच्या गोलमागे

पवनीतला आमचा फुटबॉल क्लब राईस मिलवाल्या शेठनं चालवायला घेतला, तेव्हा सगळ्यांत जास्त मीच नाचले होते. शिकवणारे गुरुजी थकले होते, बॉल शिवून शिवून वापरत होतो आम्ही. शेठनं नव्या जर्सी दिल्या, नागपूरहून कोच आणला. त्या कोचनं पहिल्याच आठवड्यात मुलींची टीम बंद केली.

कारण काय, तर "लडकियों के चक्कर में लडकों का ध्यान बटता है." त्याचंच बटत असेल मेल्याचं! मी मुलींची गोलकीपर. पोरांना पेनल्टीचा सराव करायचा असला की गोलमध्ये उभं राहायला एक पोरगा तयार नसायचा. छातीवर बॉल कोण खाणार? मग मी. अंगावर काळेनिळे डाग घेऊन घरी जायचे आणि आईला सांगायचे, सायकलवरून पडले.

माझा मोठा भाऊ पोरांच्या टीमचा कॅप्टन. कोच हे बोलत होता तेव्हा तो शेजारीच खाली वाकून बुटाची लेस बांधत बसला. वर संध्याकाळी माझे ग्लोव्हज मागितले, त्यांच्या गोलकीपरला पाहिजेत म्हणून. मी दिले. देतानाच ठरवलं, ह्याचा वचपा काढायचा.

त्या सीझनला टीम जिंकतच सुटली. शेठ प्रत्येक मॅचला खुर्ची टाकून बसायचा, चौकात कोचच्या फोटोचं बॅनर लागलं. मी जळत होते, खोटं कशाला बोलू? फायनल आली ती शहापूरशी, त्यांच्याच मैदानावर. त्यांच्या गोलकीपरची बहीण माझ्या कॉलेजात होती. तिच्यामार्फत मी त्याला गाठलं आणि सांगितलं, पेनल्टी झाल्या तर मी तुझ्या गोलमागे असेन. ज्या बाजूच्या खांद्यावर ओढणी, त्या बाजूला झेप घे. आमच्या प्रत्येक पोराचा पाय मला पाठ होता.

मॅच बरोबरीत सुटली, पेनल्टी आल्या. मी गर्दीत घुसून गोलमागे उभी राहिले. किक बसायच्या आधी तो जाळी चाचपायला मागं वळायचा आणि मी ओढणी सारखी करायचे. एक अडवली. मग आणखी एक. कोच रेषेवर नुसता हातवारे करत होता. त्याचा तो घामानं निथळणारा चेहरा पाहून मला इतका आनंद झाला की हसू दाबायला ओठ चावावे लागले.

शेवटची किक भावाची. ती चुकली की कप शहापूरचा. तो पांढराफटक पडला होता. घाबरला की तो बॉल डाव्या कोपऱ्यात सरपटता मारतो. धान कापून झाल्यावर शेतातल्या रिकाम्या बांधीत आम्ही दोघंच खेळायचो, तेव्हापासून हे फक्त मला माहीत होतं. गोलकीपर वळला. माझा हात क्षणभर ओढणीवरच राहिला. मग मी ती त्या खांद्यावर टाकली.

किक अडली, कप शहापूरला गेला. शेठ तडक गाडीत बसून गेला. महिन्याभरात त्यानं कोचला हाकललं आणि क्लब एका ठेकेदाराच्या गळ्यात मारला. मला त्याचं काहीच वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

भावानं मात्र मला गोलमागे पाहिलं होतं. घरी आल्यावर तो दारातच थांबला.

"तूनं सांगितलं त्याले?"

"हो."

"मी तुहा भाऊ आहो ना वं! तू कोनाकडून होती?"

"माह्याकडून," मी म्हटलं.