द्राक्षाच्या पानातला खिमा आणि बाबांची माळ

मंडळी, दुपारपासून आमच्या दहिवलीच्या घरात आई-बाबा एकमेकांशी बोललेले नाहीत. कारण एक फोटो.

माझी मुलगी सायली कालच आर्मेनिया फिरून आली. जेवताना ती तिथल्या खाण्याचे फोटो आजोबांना दाखवत होती. बाबाही ऐंशीच्या दशकात शेतकऱ्यांच्या गटाबरोबर तिकडे गेले होते. बाबा माळकरी, मटण-मासळी वर्ज्य. पंधरा दिवस नुसत्या पाव-दह्यावर काढले, हे आम्ही लहानपणापासून ऐकतोय.

"हे बघा, द्राक्षाच्या पानात भात. आपल्या अळूवडीसारखं," सायली म्हणाली.

"नुसता भात नाय गं," बाबा सहज बोलून गेले. "आत खिमा असतो. वरनं लसणीचं दही घातलं की लय गोड लागतो."

त्या 'लागतो'नंतर कोणी घास उचलला नाही.

आईने भाताचं पातेलं खाली ठेवलं. "आन् माळ? ती येताना इमानात तुटली, असं सांगितलं व्हतं तुमी."

बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "तिथल्या एका घरच्या म्हातारीनं पुढ्यात बसून वाढलं. नाय म्हनवलं नाय. माळ मीच काढली."

"ठावं हाय," आई म्हणाली. "तुटली असती तर एखादा मणी तरी खिशात गावला असता. कपडे मीच धुतले तुमचे."

इतकी वर्षं बाबांनी गुपित जपलं, असं लिहायला बसलो होतो. पण जपलं कोणी, तुम्हीच सांगा.