फ्रँकफर्ट ते मुंबई, आठ तास
हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. आमलीच्या नाक्यावर रसवाला बर्फाच्या लादीवरचा ओला भुसा झटकतो, आणि त्या वासाने माझे वडील, आप्पा गेले ती दुपार आठवते. अशीच लादी त्यांच्याखाली ठेवली होती, पाणी पार जिन्यापर्यंत गेलं होतं. फ्रँकफर्टहून थोरल्या भावाचा मला फोन आला होता, “थेट विमान मिळालंय. आठ तासांत मुंबई, पहाटे घरी. थांबा माझ्यासाठी.” मामांनी विचारलं, “किती लांब आहे रे ते?” आप्पांची सगळी आजारपणं मी काढली आणि अग्नी मात्र तो देणार, हे मला सहन होत नव्हतं. मी म्हणालो, “साडेसहा हजार किलोमीटर. मध्ये विमान बदलायचं, परवा पोहोचेल.” “मग बर्फ काय परवापर्यंत पुरतो का, बाबा? तूच दे अग्नी.” संध्याकाळी दमणगंगेच्या काठावर मी अग्नी दिला. पहाटे भाऊ बॅग घेऊन दारात उभा राहिला. “बर्फ टिकला नसता,” मी म्हणालो, आणि त्याने बॅग खाली ठेवली. अजूनही तो म्हणतो, मलाच उशीर झाला. त्याला उशीर झाला नव्हता, हे त्याला सांगणं माझ्याकडे बाकी आहे.