थांबायला लागणारा वेळ

उसाचं कांडं प्रेसखाली घालून बघायची कल्पना भाईंची. शिरोली एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात ते पॉवर प्रेसवर पत्र्याचे नग कापतात. त्याच प्रेसखाली त्यांची दोन बोटं गेली. त्यानंतर माल घेणाऱ्या कंपनीनं मालकांना बजावलं, की प्रेसला सुरक्षा बसवा, नाहीतर ऑर्डर बंद. जाळीचा दरवाजा बसवला तर प्रत्येक नगाला उघडा-मिटा करण्यात वेळ जातो. म्हणून मालकांनी कॅमेऱ्याचा गार्ड करायचं काम मला दिलं. हात आत दिसला की प्रोग्रॅमनं ब्रेक लावायचा. मी असले प्रोग्रॅम घरी बसून लिहितो.

पहिल्या चाचणीला भाई गडमुडशिंगीहून येताना उसाची बारीक कांडी घेऊन आले. म्हणाले, "बोटाएवढं जाड हाय, आन् डायलाबी धक्का न्हाय." त्यांनी पेडल दाबलं आणि लांबूनच कांडं आत सरकवलं. प्रेस थांबला, पण कांडं चेपून झाल्यावर. डायवर, म्हणजे पत्रा कापणाऱ्या साच्यावर, रस पसरला. ते चिपाड हातात घेऊन भाई म्हणाले, "सर, तुमचा गार्ड हाय खरा, पर पोलिसावानी हाय. सगळं झाल्यावर येतोय."

मालक हसले. मला हसू आलं नाही.

घरी येऊन मी प्रोग्रॅमचा एकेक भाग वेगळा चालवून मोजला. चित्र साफ करणं, कडा शोधणं, हात ओळखणं. तिन्हींची बेरीज वीस मिलिसेकंद भरत होती. पंचविसाच्या आत हात ओळखला तर ब्रेक वेळेत लागत होता. तिन्ही भाग एकत्र चालवले की मात्र पस्तीस लागत. बेरीज आणि एकूण यांच्यातले पंधरा कुठं जातात, हे कळेना. मी कॅमेरा बदलला, वायर बदलली. आकडा जागचा हलला नाही. जेवताना बायको दोनदा म्हणाली, "आमटी निवतेय," तेव्हा आपण हातात घास धरून बसलोय हे लक्षात आलं.

चूक मोजण्याच्या पद्धतीतच होती. चित्र साफ करण्याचा भाग माझ्या जुन्या कामातला होता, तो प्रोसेसरच्या जुन्या, अरुंद आज्ञांवर चाले. कडा शोधण्याचा भाग मी नव्या, रुंद आज्ञांत लिहिला होता, कारण त्या एका दमात दुप्पट आकडे उचलतात. दोन्ही जातींच्या आज्ञा आपले आकडे त्याच खणांत ठेवतात, फक्त जुनीला खणाचा खालचा अर्धाच भाग दिसतो. नवीचं काम संपवून वरचा अर्धा भाग तसाच भरलेला ठेवला आणि जुनीकडे गेलो, तर तो वरचा भाग जपून ठेवण्यात प्रोसेसरचा वेळ जातो. परत येताना पुन्हा तेच. माझ्या प्रोग्रॅममध्ये चित्राचे चार-आठ ठिपके झाले की ही ये-जा होत होती. भाग सुटे मोजले तेव्हा ये-जा नव्हतीच, मग ती मोजणार कशी?

उपाय दोन होते. नवीकडून निघताना वरचा भाग पुसून टाकायचा, त्यासाठी एक स्वतंत्र आज्ञाच आहे. आणि मुळात ये-जाच कमी करायची: आधी सगळं चित्र साफ करून घ्यायचं, मग सगळ्याच्या कडा शोधायच्या. दोन्ही केलं. पस्तीसाचे एकवीस झाले.

भाईंना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजे एकेका नगाला डाय बदलत बसलं हुतं व्हय तुमचं यंत्र? आमी असं केलं असतं तर मालकानं गेटाभाईर काढला असता!"

त्या दिवशी पुन्हा दहा वेळा चाचणी घेतली, दहाही वेळा कांडं अखंड बाहेर आलं. भाईंनी शेवटचं सोलून खाल्लं आणि मलाही एक तुकडा दिला. कंपनीचा माणूस येऊन बघून गेला, ऑर्डर टिकली.

पुढच्या महिन्यात मी कॅमेऱ्याची काच पुसायची पद्धत दाखवायला गेलो, तेव्हा प्रेसचा आवाज वेगळा वाटला. ठोके जवळजवळ पडत होते. मालकांनी मोटरची पुली बदलून वेग वाढवला होता.

ते म्हणाले, "सर, तुम्हीच वेळ वाचवलाय की! मग वापराय नको?"

मी म्हणालो, "तो वेळ हात बाहेर यायला आहे. नग वाढवायला नाही."

"थांबतंय न्हवं?"

मी मोजून बघितलं. वाचवलेला वेळ वाढलेल्या वेगानं जवळजवळ सगळा खाल्ला होता. मी तिथंच बसून प्रोग्रॅममध्ये मर्यादा घातली: प्रेस ठरलेल्या वेगाच्या पुढे गेला की आपोआप बंद. मालकांनी ती काढायला सांगितली. मी नाही म्हणालो. त्यांनी आवाज चढवला नाही. डाय बसवताना गार्ड तात्पुरता बंद ठेवता यावा म्हणून पेटीवर एक किल्ली असते. ती त्यांनी फिरवली आणि खिशात टाकली. प्रेस पुन्हा त्याच वेगानं सुरू झाला.

बाहेर येऊन मी कंपनीच्या माणसाला फोन लावला. त्यानं ऐकून घेतलं आणि पुढच्या तपासणीत बघतो म्हणाला. ती तपासणी कधी, हे त्यालाही माहीत नव्हतं.

परत आत गेलो. भाईंच्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं, "भाई, गार्ड बंद आहे. याच्यावर बसू नका."

"म्हाईत हाय."

"मग?"

"मग काय? ह्या वयात, असला हात घिऊन दुसरीकडं कोण घेतंय मला?" पत्रा सरळ करत ते म्हणाले, "आन् एक सांगू? गार्ड चालू हुता तवा बिनघोर हात घालत हुतो. आता बघून घालतो. तुमी जावा, सर. बोलाय लागलो की ध्यान जातंय."

मी बाजूला झालो. त्यांनी पत्रा आत सरकवला आणि पेडलवर पाय ठेवला.