उंबरपाड्याची दोन तासांची बॅटरी

सोनाली काय काम करते हे तिच्या बापालाही धड सांगता येत नाही. टोकावड्याच्या नाक्यावर रितेशचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे मागच्या टेबलाशी ती बसते आणि लोकांनी टाकून दिलेले लॅपटॉप तिच्या हातून पुन्हा चालायला लागतात, एवढंच सगळ्यांना माहीत. बाप लडकू कुणी विचारलं की बेधडक सांगून मोकळा होतो, "कंपूटरची डाक्तरीण हाय आमची." ती चिडते. मग तो आणखी मोठ्याने सांगतो.

ही डॉक्टरकी ती हौसेने शिकली नाही हो, रागाने शिकली. पाच वर्षांपूर्वी सरकारी भरतीची परीक्षा द्यायला कल्याणला गेली होती. अभ्यास असा पक्का, की मुरबाडच्या क्लासमधली पोरं तिला अडलेलं विचारायची. पण परीक्षा कंप्युटरवर, आणि सोनालीने तोवर माऊस हातात धरलेला नव्हता. पडद्यावरचा बाण इकडे हलवावा तर तिकडे पळे. पुढच्या पानावर कसं जायचं हे कळेपर्यंत वीस मिनिटं गेली. येत असलेले प्रश्न तसेच राहिले आणि चार मार्कांनी नोकरी गेली. परतताना मुरबाडपर्यंत ती एसटीत रडली, पण टोकावड्याला उतरल्यावर घरी न जाता सरळ रितेशच्या दुकानात शिरली आणि म्हणाली, मला कामाला ठेव, मला हे यंत्र आतून बाहेरून शिकायचंय. रितेश बिचारा काय बोलणार? ठेवलं त्याने.

आता तिच्या डोक्यात एकच होतं, आपल्या उंबरपाड्यातल्या पोरींचं असं होऊ द्यायचं नाही. पाड्यावर भरतीचा अभ्यास करणाऱ्या आठ-दहा पोरी होत्या, आणि कंप्युटरला हात लावायचा तर मुरबाड गाठावं लागे. जीप भरेपर्यंत निम्मा दिवस जायचा. रितेशच्या ओळखीने कल्याणच्या एका ऑफिसातून आठ जुने लॅपटॉप फुकट मिळाले. ऑफिसवाले वर्षानुवर्षं बाहेरचा कीबोर्ड आणि माऊस जोडून काम करायचे, त्यामुळे आठातल्या सात लॅपटॉपच्या स्वतःच्या कळा आणि टचपॅड पार मेलेले. एक नंबरचा तेवढा शाबूत. बाकीच्यांचे कीबोर्ड आणि माऊस गोणीत भरून मागून एसटीने पाठवतो, असं ऑफिसवाले म्हणाले.

जागाही होती. समाजमंदिराची मागची खोली. पण त्याच खोलीवर कमळाकरशेटचा डोळा होता, किल्लीही त्याने आधीच स्वतःकडे ठेवली होती. शेटचा मांडव-डेकोरेशनचा धंदा, आणि खुर्च्या, पातेली, पडदे ठेवायला त्याला जागा पाहिजे होती. ग्रामसभेत तो म्हणाला, "इथं लाईट दहाला जाते ती मर्जी होईल तवा येते. लॅपटॉप काय चुलीवर चालवणार?" लोक हसले. सोनालीची जीभ मुळातच तिखट. ती उठली आणि सांगून बसली, की येत्या रविवारी मेन स्विच बंद करा, आठही लॅपटॉप निव्वळ बॅटरीवर सराव परीक्षेचे पुरे दोन तास चालतील. नाही चालले तर खोली शेटला द्या. सरपंच बाईजाबाईंनी हे तसंच्या तसं लिहून घेतलं. दुकानात येऊन सोनालीने प्रत्येक बॅटरी किती वेळ टिकते ते मोजलं. एकही पन्नास मिनिटांच्या वर टिकत नव्हती.

आता या पन्नास मिनिटांचे दोन तास कसे करायचे? नव्या बॅटऱ्या मिळण्यासारख्या नव्हत्या. मग उरलं कर्नेल. लॅपटॉपच्या आत हे कर्नेल म्हणजे वाड्यावरचा कारभारी समजा. पडदा, डिस्क, कळा, वायफाय, सगळ्यांकडून काम करून घेणारा तोच. या लॅपटॉपमधला कारभारी फार उधळ्या होता. काम असो नसो, प्रोसेसर जोरात पळवत ठेवायचा, वायफाय कुणाला नको असताना जागं ठेवायचा. सोनालीने ठरवलं, कारभारी नवा बांधायचा.

बांधायचा म्हणजे हजारो प्रश्नांची उत्तरं द्यायची. हे यंत्र ओळखायचं का? हो, नाही, किंवा लागेल तेव्हा. प्रोसेसर रिकामा असला तर त्याला झोपू द्यायचं का? वेग कमी करू द्यायचा का? वीज वाचवण्याचे प्रश्न तिने एकेक करून सोडवले, जिथे अडलं तिथे मोबाइलवर वाचलं. पण उरलेले प्रश्न होते जगभरच्या यंत्रांचे. कुठल्या देशातले रेडिओ, कुठली कार्डं, जन्मात दिसणार नाहीत अशी. ते वाचत बसली असती तर रविवार काय, शिमगा उजाडला असता. त्यासाठी एक सोपी वाट होती. एक कमांड दिली की कर्नेल बघतं, या घडीला लॅपटॉपला काय काय जोडलेलं आहे, आणि तेवढीच यादी ठेवून बाकीचं गाळून टाकतं. सोनालीने एक नंबरवर ती कमांड दिली.

मग बांधकाम सुरू झालं. जुना लॅपटॉप, पाच तासांचं काम. मध्ये दोनदा लाईट गेली. पण हे काम शहाणं असतं, थांबलं तिथून पुढे सुरू होतं. शुक्रवारी दुपारी नवं कर्नेल तयार झालं. बाकीच्या सातांना कळाच नाहीत, म्हणून तिने त्यांच्या डिस्क काढल्या, केबलने एक नंबरला जोडल्या आणि सगळ्यांवर एक नंबरची नक्कल उतरवली. चालू केल्यावर आठही लॅपटॉप आपोआप परीक्षेच्या पानावर येऊन थांबले. तिने घड्याळ लावलं. सर्वांत कमी टिकला चार नंबरचा, दोन तास आठ मिनिटं. सोनाली दुकानात एकटीच टाळ्या वाजवायला लागली. रितेश धावत आत आला, त्याला वाटलं पाल अंगावर पडली.

शनिवारी संध्याकाळच्या एसटीने गोणी आली. तिने ती न उघडताच जीपवर टाकली.

रविवारी सकाळी नऊला समाजमंदिर भरलं. पोरी नीट वेण्या घालून आलेल्या. कमळाकरशेट तर पुढच्याच खुर्चीवर, आणि खुर्चीही त्याचीच, घरून आणलेली. रितेशने गोणी सोडली, कीबोर्ड आणि माऊस जोडले. संजीवनी नावाची पोरगी चार नंबरवर बसली होती. बारावी होऊन दोन वर्षं भरतीचा अभ्यास करत होती. तिने स्वतःचं नाव टाइप करायला कळ दाबली.

काहीच उमटलं नाही.

पाच नंबरवर नाही, सहावर नाही. माऊस हलवला तरी बाण जागचा हलेना. सातही लॅपटॉप डोळे उघडे ठेवून ढिम्म. सोनाली धावत चार नंबरजवळ गेली. तिने एक कीबोर्ड काढून एक नंबरला लावला, तिथेही तेच. मग एक नंबर बंद करून, सुरू होताना जुनं कर्नेल निवडलं. नवं बांधलं तरी जुनं टाकायचं नाही, एवढी अक्कल तिला होती. जुन्यावर कीबोर्ड लगेच चालायला लागला. म्हणजे कीबोर्ड धडधाकट होते. खोट तिच्या कर्नेलातच होती.

लडकू मागून बघत होता. हा लडकू म्हणजे पाड्यावरचा आवतणं देणारा. लग्न कुणाचंही असो, घरोघर फिरून आमंत्रण द्यायचा मान त्याचा. पोरीचा चेहरा उतरलेला बघून तो जवळ आला, आणि काय झालं ते तिने भराभरा सांगितलं. ती कमांड, ती यादी, त्या घडीला जोडलेलं तेवढंच.

लडकूने कपाळाला हात लावला. "गो, घरात दिसली तेवडीच मानसा लिवलीस? आमच्या पाड्यावर कदी घरात दिसतात का सगली? निमी वीटभट्टीवर, निमी भिवंडीला. म्या आवतन देताना जो नाय त्याचा नाव पयला घेतो."

सोनालीला एकदम हसूच आलं. तिने यादी केली तेव्हा कीबोर्ड कल्याणला होते! कर्नेलला ते दिसले नाहीत, म्हणून त्याने गाळून टाकले. आणि बाहेरचा कीबोर्ड, माऊस ओळखणारा भागच त्यांच्याबरोबर गेला. सख्ख्या बापाला जे लहानपणापासून कळतं, ते हिला पाच वर्षांच्या डॉक्टरकीत सुचलं नाही.

रितेश तिच्या कानाशी लागला. म्हणाला, सगळीकडे जुनंच कर्नेल चालू कर, कीबोर्ड चालतील, आणि चार्जर टेबलामागून गुपचूप शेजारच्या घरातल्या इन्व्हर्टरला जोडू. इथे कुणाला काय कळतंय? खरंच कुणाला कळलं नसतं. सोनालीने हातातला कीबोर्ड खाली ठेवला. मग पुढे जाऊन बाईजाबाईंसमोर उभी राहिली.

"मावशी, माजी चूक झाली. कीबोर्ड मी यादीतच धरले नाय. मला एक तास द्या, दुरुस्त करते. मग मेन स्विच बंद करा, आणि वायरी कुणालाही तपासू द्या."

शेट उठलाच. रविवार ठरला, वेळ ठरली, आता सबबी कशाला, असं बरंच बोलला. बाईजाबाईंनी त्याला शांतपणे विचारलं, की मागच्या माघात माझ्या पुतणीच्या लग्नात तुझा मांडव किती वाजता लागला होता? वरात दारात आली तेव्हा बांबू उभे होत होते. लोकांनी हसून समाजमंदिर डोक्यावर घेतलं. शेट खाली बसला. एक तास मिळाला.

एक नंबरवर सगळं सामान होतंच. सोनालीने यादीत कीबोर्ड आणि माऊस घातले. अख्खं कर्नेल पुन्हा बांधायची गरज नव्हती, तेवढाच तुकडा बांधून पेनड्राइव्हवर घेतला. मग एकेक लॅपटॉप जुन्या कर्नेलवर उठवायचा (ते निवडायच्या पानावर नवं कर्नेल जागंच झालेलं नसतं, म्हणून बाहेरचा कीबोर्ड चालतो), तुकडा आत ठेवायचा, बंद करायचा, नव्यावर उठवायचा. काय करायचं ते तिच्या हातांना ठाऊक होतं. पहिल्या कीबोर्डाचा हिरवा दिवा लागला तेव्हा संजीवनीने दोन्ही हात तोंडावर धरले. सातवा दिवा लागला तेव्हा तासातली सहा मिनिटं उरली होती. बायकांनी तेवढ्यात सगळ्यांना चहा पाजून घेतला होता.

लाईट त्या दिवशी नशिबाने अजून गेली नव्हती; चार्जर काढले आणि मेन स्विच शेटने स्वतः बंद केला. टेबलाखाली वाकून वायरी तपासल्या, तपासाव्यातच त्याने. मग खुर्ची चार नंबरच्या मागे आणून बसला, कारण सर्वांत कमजोर तोच आहे हे रितेशच्या तोंडून निसटलं होतं.

पहिला तास सरळ गेला. दुसऱ्या तासात लोकांनी परीक्षा सोडली आणि बॅटरीचे आकडेच बघायला लागले. ज्यांनी जन्मात लॅपटॉप पाहिला नव्हता ते एकमेकांना सांगत होते, तीन नंबर बत्तीसवर, सात नंबर अठ्ठावीसवर. चार नंबर मात्र खाली खाली येत होता. शेवटची पंधरा मिनिटं उरली तेव्हा नऊ टक्के. पाच मिनिटं उरली तेव्हा चार. शेट घाम पुसत होता. कुणाच्या बाजूने, ते त्यालाच माहीत. सोनालीला तर बघवत नव्हतं, ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि मनात ग्रामदेवीला हाका मारत राहिली.

दोन तास झाले. आठही पडदे उजळलेले होते. चार नंबर त्यानंतर तीन मिनिटांनी गेला, तेवढ्या अवधीत संजीवनीचे मार्क पडद्यावर येऊन गेले होते. खोली पोरींना द्यायची म्हणणाऱ्यांना बाईजाबाईंनी हात वर करायला सांगितले, आणि मोजायची गरजच पडली नाही. शेटने खोलीची किल्ली सोनालीच्या हातात आपटल्यासारखी ठेवली आणि खुर्ची उचलून चालता झाला. सोनालीचे डोळे भरून आले, आणि तिने ते लपवलेही नाहीत.

माणसं पांगली. संजीवनी मात्र बंद पडलेल्या चार नंबरसमोर तशीच बसून होती. शंभरातले त्रेपन्न मिळाले होते तिला, आणि ती रडवेली झाली होती.

"ताई, बारा प्रश्न येत व्हते मला," ती म्हणाली. "खरंच येत व्हते. कुठं दाबायचा त्यातच गेले."

सोनाली तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. तिचा हात आपल्या हातात घेतला.

"जाऊ दे गो," ती म्हणाली. "इथं गेले ना. तिकडं नाय गेले."