माझं धोपाटणं

माहेरहून आणलेल्या भांड्यांचं पुढे काय काय झालं ते मी विसरले, पण धोपाटण्याचं विसरणार नाही. बाभळीचं होतं, दणकट, मूठ वापरून वापरून गुळगुळीत झालेली. आई त्यानं गोधड्या धुवायची. माझ्या लग्नाला वर्षही झालं नसेल, तोवर ते आमच्या ह्यांनी पळवलं. मी धुण्याच्या दगडापाशी शोधतेय, आणि हे रस्त्यावर उभ्या ट्रकच्या चाकांवर तेच धोपाटणं मारत फिरताहेत. मी चांगलीच तडकले. मला म्हणाले, "लोखंड सोताच बोलस. लाकूड टायरले बोलू देस."

मी बाजारातून दुसरं धोपाटणं आणलं. ते हलकं निघालं, आणि तो राग मी अजून सोडलेला नाही.

आमचं टायरचं दुकान जळगाव-धुळे रस्त्यावर, पारोळ्याच्या जवळ. पुढे पत्र्याची शेड, त्यात कंप्रेसर आणि जॅक, खांबाला टांगलेलं पांढऱ्या रंगाचं जुनं टायर. मागे दोन खोल्यांत आम्ही. रावेरकडची केळी, कापसाच्या गाठी, नरडाण्याच्या कारखान्यांचा माल, सगळं आमच्या दारावरून जातं. ड्रायव्हर चहाला थांबले की हे धोपाटणं घेऊन उठतात आणि गाडीभोवती एक फेरी मारतात. फुकट. कोणी सांगितलं म्हणून नाही.

मोठ्या ट्रकची मागची चाकं जोडीनं असतात. बाहेरचं दिसतं, आतलं दिसत नाही. आतल्याची हवा गेली तरी गाडी खाली बसत नाही, कारण बाहेरचं त्याचंही ओझं उचलतं. मग ते तापतं, आणि घाटात नेमकं भरल्या गाडीखाली फुटतं. ह्यांचं सगळं लक्ष त्या आतल्या टायरवर. भरलेलं टायर धोपाटण्याखाली ठण्ण वाजतं आणि धोपाटणं उसळून वर येतं. बसलेलं धप्प करतं. ऐकायला सोपं वाटतं, पण शेजारून ट्रक जाताहेत, कंप्रेसर धडधडतोय, त्यात तो फरक ओळखायचा म्हणजे खायचं काम नाही.

उन्हाळ्यात तर ह्यांचं रोज कोणाशी तरी वाजायचं. आमच्याकडच्या मे महिन्यात डांबरावर पाय ठेवायची सोय नसते. ड्रायव्हर घाबरतात, टायर फुटेल म्हणून सांगतात, भाऊ, थोडी हवा काढून टाका. आमचे हे एरवी गाय, पण हवा काढा म्हटलं की पिसाळलेच. तापल्या टायरची हवा काढली की ते गार झाल्यावर बसतं, बसलं की जास्त तापतं, हे ते प्रत्येकाला नव्यानं समजावणार. कोणी चाकावर पाणी ओतायला निघाला तर बादली हातातून काढून घेणार आणि त्याला निंबाखाली बसवणार. "गार होऊ दे भाऊ. तू बी, गाडी बी." मला ते तेव्हा फार आवडायचे. अजूनही आवडतात, पण हे त्यांना सांगायची आमच्यात पद्धत नाही.

पद्धती आमच्याकडे पुष्कळ. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही त्यातली एक. मी त्यांना हाक मारते ती "आयका ना" म्हणून. आमच्या गावच्या सगळ्या बायका तशीच मारतात. जेवायला, पाहुणे आले तर, विंचू निघाला तर, सगळ्याला आयका ना.

तर त्या आयका ना-ला ओ येईनाशी झाली. आधी वाटलं, कामात आहेत. मग वाटलं, मुद्दाम करताहेत. मग एकदा मी अगदी पाठीमागे उभी राहून म्हटलं आणि ते चाकाचे नट आवळतच राहिले, तेव्हा कळलं, ह्यांना ऐकूच येत नाही. आयुष्यभर कंप्रेसर कानाशी. दुसरं काय होणार? डॉक्टरकडे चला म्हणायचं रोज मनात यायचं, पण म्हटलं नाही. कान गेला म्हणजे धोपाटणं गेलं, आणि धोपाटणं गेलं की ह्यांच्याकडे मग हवा भरणंच उरतं. ते मला बघवलं नसतं.

गेल्या उन्हाळ्यात पाचोऱ्याकडचा एक जुना ड्रायव्हर केळी घेऊन मुंबईला निघाला होता. पुढे कसारा घाट. मी मागे कपडे धूत होते. ह्यांची फेरी चालू होती. ठण्ण, ठण्ण, ठण्ण, आणि मग धप्प. मी हात थांबवला. म्हटलं, आता काम निघालं, जेवण लांबलं. तोच पुन्हा ठण्ण, आणि ह्यांचा आवाज, "जाय भाऊ, बठ्ठं बरं शे."

सगळं ठीक म्हणून गाडी सोडली! मी साबणाच्या हातांनी धावले. "आयका ना." पाठमोरे उभे, वळले नाहीत. ट्रक सुरू झाला होता. मी जाऊन सरळ ट्रकच्या पुढे उभी राहिले. केळ्यांच्या काळजीनं ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "वयनी, जाऊ द्या ना. केया पिकी जातीन."

आता बोलायचं काय? शेजारच्या चहाच्या टपरीवर चार ड्रायव्हर बसलेले. ह्यांना ऐकू आलं नाही असं म्हटलं असतं तर तासाभरात ते धुळ्यापर्यंत पोचलं असतं. मी ह्यांच्यापुढे हात केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मन्हं धोपाटनं द्या. आजून कपडा धवाना शेतस." टपरीवर हशा पिकला. ह्यांनी गोंधळून धोपाटणं दिलं. ते मोडलंबिडलं नाही ना, असं पुटपुटत मी मागे गेले आणि जोडीतल्या आतल्या टायरवर सणसणीत हाणलं. धप्प. पुन्हा हाणलं. मग ह्यांच्याकडे पाहिलं.

ते माझं तोंड पाहत होते. मग त्यांनी तळहात टायरवर टेकवला आणि मला खुणावलं, मार. मी मारलं. कानाला नाही ते हाताला कळलं. त्यांनी हात काढला, ड्रायव्हरला उतरवलं, आणि जॅक आणायला गेले. टायरात बोटाएवढा खिळा होता. दुरुस्ती होईस्तोवर ड्रायव्हर मला धोपाटण्यावरून चिडवत होता आणि मी हसत होते.

ट्रक गेल्यावर ते निंबाखाली बसले. मी पाणी नेऊन दिलं. म्हणाले, "तुले माहीत व्हतं." मी मान हलवली. कधीपासून, हे त्यांना समजावं म्हणून मी जवळ वाकून सांगितलं, की किती महिने मी हाका मारतेय आणि तुम्ही ओ देत नाही.

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "माले वाटनं, तूच माले हाक मारनं सोडी दिधं."

महिनोन् महिने ते हे मनात धरून बसले होते आणि रोज माझ्या हातची भाकरी खात होते. मला रडू आलं, आणि रागही आला. आधी कुठला ते आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी कापसाच्या गाठींचा ट्रक थांबला. हे उठले, शेडमधून धोपाटणं आणलं आणि माझ्या हातात दिलं. स्वतः वाकून आतल्या टायरवर तळहात ठेवला. टपरीवरचे बघायला लागले तशी मी पदर सावरला. ते म्हणाले, "मार. मी हात ठेवस. तू आयक."